नितळ पाण्याचा दूत

गोठणी ३

आज दुपारी खिंड चढून वरच्या नगरात पोचलो. खेचरावर बसून मांड्या सोलवटल्या आहेत, तरी मन प्रसन्न आहे.

नाक्यावर एक उंच, वाळका पहारेकरी होता. त्याला सगळे लंब्याच म्हणतात. त्याने दगडी वाटी पुढे केली. "आधी हात धुवा. मग वाटीत बोटं बुडवा आणि सांगा, कशासाठी आलात."

इथल्या नदीच्या पाण्याबद्दल ऐकून होतो. त्यात हात ठेवून माणूस मनात नसलेलं बोलला की पाणी गढूळ होतं. मी म्हणालो, "खालच्या देशाचा दूत म्हणून आलोय. दोन्हीकडे सलोखा राहावा, एवढ्यासाठीच." पाणी नितळ राहिलं, तळाचे बारीक खडेसुद्धा दिसत होते. लंब्याने वाकून ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्या आधीचे दूत आले तेव्हा वाटीत नुसता चिखल झाला होता. म्हणाले, घोड्याला हात लावला होता."

"मग?"

"मग काय, घोड्यालाही हात धुवायला लावले."

सगळे पहारेकरी हसले. मीही हसलो. मागचे दूत फार हुशार. त्यांना चार भाषा येतात. मी आयुष्यभर कालव्यावर पाण्याच्या पाळ्या लावल्या, शाळा गावातलीच. धाकट्या भावाने दरबारात माझं नाव घेतलं तेव्हा लोक तोंडावर हात ठेवून हसत होते. तो आता प्रधान आहे. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, वर हुशार माणसाचं काम नाही. तिथे खरा माणूस लागतो. आपल्याकडे असा तू एकटाच आहेस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वडील गेले तेव्हा तो एवढासा होता. पाठुंगळी घेऊन त्याला शाळेत पोचवायचो.

देवा, त्याने टाकलेला विश्वास माझ्या हातून सांभाळला जावा.

गोठणी ९

दूताच्या घरी स्वयंपाकाला एक मावशी आहेत. तोंडाने फटकळ, हाताने सढळ. लंब्या त्यांचा जावई. लेकीला दिवस गेले आहेत, बाळंतपण वितळणीत, म्हणजे बर्फ सुटायच्या महिन्यात.

इथे प्रत्येक घराच्या दाराशी नदीच्या पाण्याची वाटी असते. आज मावशींनी विचारलं, "कालवण कसं झालंय?"

"छान झालंय."

"वाटीत हात घालून सांगा."

पाण्यात बोटं बुडवली आणि तोंडून निघालं, "मीठ जरा जास्त आहे."

"हां! आता कसं माणसासारखं बोललात!" आणि वर स्वतःच हसत सुटल्या. मग सांगू लागल्या, लग्न ठरवताना लंब्याला विचारलं होतं, सासू आवडली का? तो वाटीपासून हात चांगला हातभर लांब धरून म्हणाला, फार आवडली.

असे हे लोक. इथे कोणी कोणाला गोड बोलत नाही, तरी कोणी रागावत नाही. आपल्याकडे घरोघरी अशी वाटी असती तर काय झालं असतं, असं मनात आलं. पुष्कळ लग्नं मोडली असती. पण उरली असती ती टिकली असती.

गोठणी १७

आज बंधारा पाहिला. नगराच्या प्रमुख थोरल्या बाई स्वतः घेऊन गेल्या. बाई मूळच्या गवंडीण. सभेतही त्यांच्या नखांत चुना दिसतो. बंधाऱ्याला मधोमध भेग गेली आहे. माझा अख्खा हात आत गेला आणि आत गार वारा लागला.

बाई म्हणाल्या, "बर्फ सुटायच्या आत हे भरलं नाही तर आधी आम्ही वाहून जाऊ, मग तुमचे मळे. दगड आहे, चुना आहे. माणसं नाहीत."

"माणसं कुठे गेली?"

बाईंनी नुसतं खिंडीकडे बोट केलं. "धडधाकट आहे तो प्रत्येक जण तिकडे पहाऱ्यावर. तुमची भीती."

मला शरम वाटली. येताना वाटभर विचार केला. यांना आपली भीती नसली तर तेच हात इथे दगड उचलतील. निघताना धाकटाही सहज म्हणाला होता, वरच्यांचे सगळे हात खिंडीत अडकलेत म्हणे, बंधाऱ्याचं काय होणार कोण जाणे. तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं. आज मला सुचलं की आपणच शब्द द्यावा, पहारा काढा, आम्ही येणार नाही. इतकी साधी गोष्ट आजवर कोणालाच कशी सुचली नाही?

माझ्याबरोबर आलेल्या निरोप्याला खाली पाठवलं. धाकट्याच्या परवानगीशिवाय शब्द देणं बरं नव्हे.

गोठणी २५

निरोप्या परत आला. त्याने धाकट्याचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले. "दादा, तुझ्या मनात आलं ते देवानेच घातलं असणार. बेलाशक शब्द दे." ऐकून ऊर भरून आला. तो लहानपणी देवाचं नाव घ्यायला कंटाळायचा.

धाकटा बंधाऱ्यासाठी लाकूड आणि धान्यही पाठवणार आहे. त्याने विचारलंय, खिंडीतून दोन गाड्या शेजारी शेजारी जातील का, वळण कुठे अवघड आहे, वाटेत पाणी कुठे मिळेल. मी लंब्याला बरोबर घेऊन सगळी वाट पाहिली आणि निरोप्याला नीट समजावून सांगितली. लंब्या म्हणाला, "गाड्या बऱ्याच दिसतायत."

"माझा भाऊ हात आखडणारा नाही," मी म्हणालो.

निरोप्या जेवतानाही कातडी हातमोजे काढत नाही. थंडी बाधते म्हणाला. मावशी त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. त्यांना ते शिष्टाचाराला सोडून वाटलं असावं.

गोठणी २८

आज सभागृहात शब्द दिला.

मधोमध मोठं कुंड आहे. तीनदा हात धुऊन पुसायचे, मगच पाण्यात घालायचे. धुतलेल्या हाताचंच बोलणं इथे ग्राह्य धरतात. बाईंनी नियम सांगितला. "कुंडात दिलेला शब्द ज्याने दिला त्यालाच परत घेता येतो, तोही इथेच, नितळ पाण्यात. दुसऱ्या कोणी येऊन काहीही सांगितलं तरी आम्ही तो मोडत नाही. आणि ज्याचं पाणी गढुळलं, त्याचा हात वर्षभर पुन्हा कुंडात घेत नाही. विचार करून बोला."

विचार कसला करायचा? मी म्हणालो, "माझा देश तुमच्यावर चालून येणार नाही. पहारा काढा, बंधारा बांधा."

सगळी सभा उठून कुंडाभोवती जमली. लहान मुलाच्या डोळ्यासारखं स्वच्छ पाणी होतं. एक म्हातारा गृहस्थ रडायला लागला. त्याच्या उभ्या हयातीत खालच्या माणसाच्या हाताखाली त्याने असं पाणी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी खिंडीतला पहारा उतरला. इशाऱ्याचा नगारासुद्धा बंधाऱ्यावर आणला, कामाच्या पाळ्या बदलताना वाजवायला. लंब्याने मला उचलून गरकन फिरवलं. "काका, आता बाळ जन्मेल तेव्हा मी घरी असेन!"

देवा, आयुष्यात एक तरी काम झालं. आता नेलंस तरी चालेल.

वितळणी ४

मीही दगड वाहतो आहे. हाताला फोड आले. सगळे मला काका म्हणतात. छपरांवरून बर्फ घसरायला लागलं. भेग निम्मी भरली.

धान्याच्या गाड्या अजून दिसत नाहीत. रस्ते खराब असतील.

वितळणी ८

निरोप्या आला. आई आजारी आहे. धाकट्याचा निरोप असा, "दादा, काही झालं तरी पंधरा तारखेच्या आत खाली ये. मागे राहू नकोस. आईची शपथ आहे." जीव कासावीस झाला.

मी विचारत होतो, ताप आहे का, बोलते का, कोण असतं जवळ. निरोप्या जेवायला बसत होता. मावशी म्हणाल्या, "आज हातमोजे काढा बाबा. माझ्या घरात कातड्याने जेवायचं नाही." आणि त्यांनी त्याचे मोजे ओढून काढले, त्याला दाराशी नेऊन सरळ वाटी त्याच्या हाताखाली धरली. "हं, धुता धुता सांगा, कशा आहेत आई?"

"फार आजारी आहेत," तो म्हणाला.

पाणी काळपट गढूळ झालं. वाटीचा तळ दिसेना.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "प्रवासातली धूळ आहे मावशी. बिचारा किती लांबून आलाय." निरोप्या पटकन म्हणाला, "हो, धूळच." मग जेवण अर्धं टाकून निघाला. जाताना त्याने माझे पाय धरले. पूर्वी कधी धरले नव्हते. आईच्या आजारपणाने त्यालाही वाईट वाटत असावं. फार हळवा आहे. जाता जाता सांगत होता, खाली सगळ्या लोहारांना दिवसरात्र काम आहे, नांगर करतायत म्हणे. या दिवसांत नांगर? असो. लवकर तयारी केलेली बरी.

वितळणी ९

थोरल्या बाईंचा निरोप घ्यायला बंधाऱ्यावर गेलो. आई आजारी आहे, जाऊन येतो म्हणालो. बाईंनी हातातली थापी खाली ठेवली. "तुमच्या निरोप्याचं पाणी गढुळलं, असं मावशी सांगत होत्या."

"धुळीचे हात होते बाई. मी स्वतः पाहिले."

बाई हसल्या. "न धुतलेल्या हाताचं पाणी आम्ही धरत नाहीच. मावशींना वाटलं, झालं. जा, आईला भेटून या. तुमच्यासारखा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

वितळणी ११

सामान बांधत होतो. मावशी दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात वाटी होती. डोळे सुजलेले.

"जायच्या आधी एक करा. हात धुवा, आणि पाण्यात बोटं घालून म्हणा, माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलत नाही."

मला राग आला. तरी म्हटलं. पाणी नितळच होतं.

"बघा," मी म्हणालो. "झालं समाधान?"

मावशींनी वाटी खाली ठेवली. "तुमचं पाणी नितळ आहे हो. तेच तर वाईट आहे. पाणी तुमच्या भावाचं मन नाही सांगत. तुमचं सांगतं. मागचा दूत सगळं जाणून होता, म्हणून त्याचा चिखल झाला. म्हणून तुम्हाला पाठवलं. ज्याला काही माहीतच नाही, त्याचं काय गढूळ होणार?"

मी म्हणालो, "असं बोलू नका."

"पहारा निघाला. वाट तुम्ही मोजून दिली. पंधराच्या आत तुम्हाला परत बोलावलंय. आणि लोहार! तुमच्याकडे वितळणीत नांगर करतात का हो कधी?"

आयुष्यभर कालव्यावर काम केलं. नांगर कधी करतात ते मला माहीत आहे. पेरणीच्या आधी, कापणीच्या नंतर. या महिन्यात कधीच नाही.

दिवसभर खाटेवर बसून राहिलो. एकेक गोष्ट आठवत होती आणि प्रत्येक गोष्ट उलटी होऊन समोर येत होती. दरबारातलं हसणं. "आपल्याकडे असा तू एकटाच." ज्याचं कौतुक वाटून रडलो, ते कौतुक नव्हतंच. सुतार लाकूड निवडतो तशी माझी निवड झाली.

प्रार्थनेला बसलो. शब्द येईनात.

वितळणी १२

सकाळीच सभा बोलवायला लावली. मावशी बरोबर होत्या. तीनदा हात धुतले, पुसले. पाणी बर्फासारखं गार. म्हणायचं एवढंच होतं, माझ्या देशाने दिलेला शब्द खोटा आहे, माझ्या भावाने मला फसवलं, मी शब्द परत घेतो.

म्हणायला लागलो. पहिलं वाक्य नीट गेलं. मग "माझ्या भावाने" म्हणालो आणि काय झालं कळलं नाही. डोळ्यांसमोर तो आला. ताप आलेला, माझ्या मांडीवर डोकं ठेवलेला, माझं बोट घट्ट धरून म्हणणारा, दादा, तू जाऊ नकोस. वाटलं, हा असं करेल? माझ्याशी? गाड्या उशिरा निघाल्या असतील. आई खरंच आजारी असेल. हे सगळं एका क्षणात मनात आलं. तोंड मात्र बोलतच होतं, "मला फसवलं."

बोटांपासून गाळ उठला आणि सगळ्या कुंडभर पसरला.

 सगळे एकदम बोलायला लागले. "याला पहारा पुन्हा खिंडीत न्यायचाय! बंधारा फुटू द्यायचाय!" गोठणीत रडला होता तोच म्हातारा माझ्या अंगावर धावून आला. मी ओरडत होतो, "माझं मन कमकुवत आहे, बोलणं खरं आहे!" पण हात पाण्याबाहेर काढला होता. पाण्याबाहेरच्या बोलण्याला इथे कोण विचारतो?

मावशी पुढे होऊन म्हणाल्या, "बाई, मी हात घालते. ते येतायत. त्या निरोप्याचं पाणी मी पाहिलंय."

बाई थकलेल्या दिसल्या. "तुमचं पाणी नितळच राहील मावशी, तुम्हाला तसं वाटतं म्हणून. पण शब्द तुमचा नव्हता. आणि निरोप्याच्या हाताला धूळ होती, हे यांनीच मला सांगितलंय. तेव्हा ते मनापासून बोलत होते. मी कोणत्या बोलण्यावर बंधारा सोडू?"

 त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

वितळणी १३

घराबाहेर पडलं की लोक तोंड फिरवतात. कोणी दगड मारला नाही. मारला असता तर बरं वाटलं असतं.

बंधाऱ्यावर जाऊन लंब्याला गाठलं. तो चुन्याने पांढरा झाला होता. म्हणाला, "काका, तुम्ही खोटारडे नाही, हे मला कळतं. पण भेग हातभर उरलीय आणि पाणी चढतंय. मी पहाऱ्यावर गेलो आणि हे फुटलं तर बायकोला कुठे नेऊ?" आणि दगड उचलायला वळला. मला काका म्हणाला.

मावशी लेकीला घेऊन मेंढपाळांच्या गुहांकडे निघाल्या आहेत. मी विचारलं, माझ्यावर विश्वास कसा ठेवलात, पाणी तर गढुळलं. त्या म्हणाल्या, "पाण्याकडे सगळेच बघत होते. तुमच्या तोंडाकडे कोणी बघितलं का?" मला त्यांनी बरोबर बोलावलं.

नको म्हणालो. मी खिंडीत जाणार आहे. स्वतःच्या डोळ्यांनी बघेन. खरं सांगायचं तर अजून वाटतं, गाड्याच दिसतील. लाकडाने भरलेल्या गाड्या, आणि पुढे धाकटा, मला वेड्यात काढायला. देवाकडे आज तेवढंच मागितलं. देवा, सगळ्या जगासमोर मला मूर्ख ठरव.

वितळणी १५

नाक्यावर बसलो आहे. खाली दरीत उजाडलं आहे.

गाड्या नाहीत. दोन दोन घोडी शेजारी शेजारी येतायत, मी सांगितलं होतं त्याच वाटेने. अवघड वळणावर सगळे उतरून चालले. मी सांगितलं होतं तिथेच घोड्यांना पाणी पाजलं.

नगारा ठेवायचा तो ओटा रिकामा आहे. पहारेकऱ्यांच्या छपराला आग लावून पाहिली. गवत ओलं. धूर उठला आणि ढगात मिसळून गेला. बंधाऱ्यावर कोणी मान वर करून पाहिलं असेल तर त्याला ढगच दिसले असतील. पळत नगरात गेलो तरी घोडी माझ्या आधी पोचतील. पोचलो तरी माझा हात कुंडात घ्यायचे नाहीत.

नाक्यावरची दगडी वाटी अजून जागेवर आहे. आतल्या नदीच्या पाण्यात वितळलेलं बर्फ मिसळलंय. हात धुतले. बोटं बुडवली. मोठ्याने म्हणालो, "माझा भाऊ माझ्याशी खोटं बोलला. त्याने मला पाठवलं, कारण मी त्याच्यावर विश्वास ठेवतो."

नितळ. खडेसुद्धा दिसत होते.

ती वाटी तशीच घेऊन धावत सुटावं असं वाटलं. पण हे पाणी कोणाला दाखवलं तर काय दिसणार? गढूळ पाणी बघितलं की काहीतरी घडलंय हे कळतं. स्वच्छ पाणी नुसतं पाणीच दिसतं.

धाकटा सगळ्यांच्या पुढे आहे. एवढ्या लांबूनही ओळखला. डावा खांदा किंचित खाली टाकून बसलाय. पाठुंगळी असायचा तेव्हाही असाच बसायचा, माझी मान दुखायची. आता शेवटचं वळण.

वही भिंतीच्या फटीत ठेवतो. नाक्यावर आज दुसरं कोणी नाही, तेव्हा विचारायचं काम माझं. वाटेच्या मधोमध उभा राहीन. वाटी पुढे धरीन. म्हणेन, आधी हात धू. मग विचारीन, कशासाठी आलास? तो निदान समोरासमोर दादाशी खोटं

पुढे 'बोलणार नाही' असं लिहिणार होतो. वाटीकडे पाहिलं आणि हात थांबवला.